ओळख दाखवायची नाही

१

कोरियन माणसं फार जेवतात. ही मालिका बघताना झालेलं माझं हे पहिलं मत, आणि पुढे जे काही घडलं त्याने ते बदललेलं नाही. खून करायच्या आधी जेवतात, खून केल्यावर जेवतात, आणि ज्याचा खून करायचा त्यालाही आधी जेवू घालतात. वाडगं तोंडाला लावून असा भुरका मारतात, की आमच्या गोदीच्या रे रोडवरच्या कचेरीत तसा आवाज कोणी केला असता तर साहेबाने मेमो काढला असता.

मालिका अनुजाने लावून दिली. अनुजा आमची मुलगी, परळला सासरी असते. आईबापांना काहीतरी लावून देऊन निघून जायची तिला सवय आहे. मागे एकदा मला योगाचा क्लास लावून दिला होता.

"आई, हे बघत जा दुपारचं. हिंदीत आहे, तुला सगळं कळेल. मस्त आहे, पोलिसांचं आहे."

'पोलिसांचं' म्हटल्यावर तिने जीभ चावली. माझी बायको चंपा लसूण सोलत होती. ती वर बघून म्हणाली, "पोलिसांचं आहे का? लाव मग."

नायगावच्या बीडीडी चाळीतली आमची खोली गेली. तिथे टॉवर व्हायचा आहे, आणि तो होईपर्यंत आम्ही अँटॉप हिलला सातव्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरातल्या घरात संडास आहे, लिफ्ट आहे, खिडकीतून टेकडी दिसते. तक्रारीला जागा नाही, हीच मोठी अडचण. चाळीत दुपार म्हणजे गॅलरी. दार सकाळी उघडलं की निजायच्या वेळेला लागायचं. इथे दारं बँकेतल्या लॉकरांसारखी, सगळी एकसारखी आणि सगळी बंद.

चंपा चाळ सोडायला तयारच नव्हती. आमचा मुलगा सम्यक दोनदा पोलीस भरतीला उतरला. दोन्ही वेळा यादीत नाव नव्हतं. मग तो एका मॉलमध्ये सिक्युरिटीला लागला. एका सकाळी गॅलरीत बसून त्याने बुटाच्या नाड्या बांधल्या, "येतो गं," म्हणाला आणि गेला. त्याला आता बरीच वर्षं झाली. तक्रार दिली, इस्पितळं पाहिली, इस्पितळांच्या मागच्या बाजूच्या थंड खोल्याही पाहिल्या. मी रिटायर झालो, चाळ पडली, तो आला नाही.

"तो आला आणि इथे पत्रे ठोकलेले दिसले, तर कुठे जाईल?" चंपा विचारायची. तेव्हा तिने नवा पत्ता सगळ्यांना पाठ करायला लावला. वडापाववाला, इस्त्रीवाला, पाडकामावरचा वॉचमन, सगळ्यांना. सम्यक दिसला तर सांगा, अँटॉप हिल, सातवा मजला. इस्त्रीवाला तर मला बघितला की नमस्काराऐवजी आमचाच पत्ता म्हणून दाखवायचा.

२

मालिकेची गोष्ट साधी आहे. एका पोलिसाला खोटं नाव देऊन बंदरावरच्या टोळीत घुसवलेलं असतं. घरच्यांना वाटतं, पोरगा वाया गेला. हिंदीत डब केल्यामुळे बंदरावरचे गुंड एकमेकांना 'जनाब' म्हणतात आणि चाकू काढण्यापूर्वी 'गुस्ताखी' हा शब्द वापरतात. गोदी मात्र त्यांनी चांगली दाखवली आहे. गोदीचा खारट, गंजका ओलावा माझ्या ओळखीचा आहे. पडद्यावरूनही त्याचा वास आला.

हिरोचं पोलिसातलं नाव एक आणि टोळीतलं दुसरं. मला दोन्ही लक्षात राहिली नाहीत. चंपाने त्याचं नाव 'आपला' ठेवलं. 'आपला' जेवला, 'आपल्याला' लागलं.

एका भागात हिरो टोळीच्या म्होरक्याबरोबर एका खानावळीत बसला होता. मागे कोपऱ्यात पाठमोरा एक माणूस जेवत होता. असल्या माणसांना मालिकेत काही काम नसतं, जागा भरायला बसवलेले असतात. मीही नोकरीत बराच काळ तेच केलं. खानावळवाली बाई हातात डाव घेऊन त्याच्याकडे गेली, आणि त्याने वाडग्यावर हात आडवा धरला. बोटं जुळलेली, मान जराशी कलती. पुरे, असं.

आपल्याकडे जेवताना आग्रह टाळायला धरतात, तसा.

म्हटलं, कोरियातसुद्धा माणसाचं पोट भरत असेल. पण बाई पुढे गेली तरी त्याने हात काढला नाही. ही सवय सम्यकला होती, आणि ती माझ्या बहिणींमुळे लागली होती. हात काढला रे काढला की त्या वाढायच्या.

मी चंपाकडे पाहिलं. तिच्या हातातला लसूण तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी तो भाग मागे नेऊन पाहिला. खानावळ होती, बाई होती, डाव होता, पाठमोरा माणूसही होता. पण त्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते. पुन्हा पुन्हा मागे नेलं. हात टेबलाखालीच.

म्हणजे मला भास झाला होता. फार बरं वाटलं. वयोमानाने होतं, डॉक्टरला सांगितलं तर तो एक गोळी वाढवतो. चहा ठेवताना मात्र मनात आलं, भास मला झाला असेल, तर लसूण सोलायचा चंपा का थांबली?

त्यानंतर तो दिसत राहिला. बसस्टॉपच्या रांगेत, इस्पितळाच्या बाकड्यावर, गोदीत हेल्मेट घालून. नेहमी पाठमोरा, आणि दर भागात थोडा अलीकडे. मी स्वतःला समजावलं की पाठ ही सगळ्यांचीच सारखी असते. मग एका दुपारी हिरो आपल्या भाड्याच्या खोलीत शिरला आणि त्याच्यामागे दार लागलं. आधी फरशीवर खरखर, मग खांद्याचा धक्का, मग कडी.

आमच्या चाळीतलं दार चौकटीत बसत नसे. खांदा लावल्याशिवाय कडी पडायची नाही. ते दार भंगारवाला घेऊन गेला, तेव्हा मी समोर उभा होतो.

आवाज आधीच भरून ठेवलेले असतात आणि हवे तिथे चिकटवतात, एवढं मला माहीत आहे. जगात एकसारखं खरखरणारी दारं पुष्कळ असतील.

"लावली कडी," चंपा हळूच म्हणाली, आणि पाय लांब करून भिंतीला टेकून बसली. सम्यकची रात्रपाळी असायची तेव्हा तो घरी परतला की ती अशी टेकायची.

३

धोंडू परब पूर्वी नायगावच्या पोलीस लाइनीत राहायचा. हवालदार म्हणून रिटायर झाला. अधूनमधून येतो, चहा पितो, आणि माझ्या तब्येतीपेक्षा स्वतःची कशी चांगली आहे ते सांगून जातो.

"काय रे नाना, म्हातारपणात कोरियात गेलंस काय?" दारातूनच तो ओरडला. "वहिनी, ह्याला चपट्या नाकाच्या बायका बघायला बसवलात होय?"

"बायका कुठे आहेत त्यात," मी म्हटलं. "नुसते पुरुष जेवतायत. बस."

तो बसला. मी सहज विचारतोय असं दाखवत म्हटलं, "तो मागे पाठमोरा उभा आहे, दिसतो का रे तुला?"

"दिसता की. माका काय मोतीबिंदू आसा?"

"दर भागात असतो."

"मग? एकाच माणसाक दहा ठिकाणी उभो करतत. आम्ही बंदोबस्तात तेच करायचो. साहेबाला वाटायचं, फोर्स भरपूर आहे." तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

मला हायसं वाटलं. दुसऱ्या माणसाला दिसतं ते भूत नसतं, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबातली चूक मला अजून सापडलेली नाही.

त्या दिवशीच्या भागात हिरोची आई मासळी बाजारात जाते. समोरून टोळीच्या माणसांबरोबर तिचा मुलगा येतो. ती भान विसरून त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारते. तो न बघता पुढे जातो. ती पुन्हा हाक मारते. टोळीतला एकजण मागे वळून आधी आईकडे बघतो, मग मुलाकडे. बस, एवढंच. पुढच्या प्रसंगात गोदीच्या पाण्यावर एक बूट तरंगत येतो. हिरोचा नव्हता, असं नंतर कळतं. पण तो भाग तिथेच संपला.

चंपाने पदर तोंडाशी धरला होता.

"भावजी, हे असं खरं असतं?"

"असतं म्हणजे! साध्या वेशातला माणूस रस्त्यात दिसला तर सख्ख्या बायकोने पण ओळख दाखवायची नाही. आमच्यातला एकजण असाच कामावर होता. बाजारात समोरून बायको आली. तर ह्याने तिलाच विचारलं, बाई, टायम काय झाला? घरी गेल्यावर तिने लाटण्याने टायम सांगितला." धोंडू खोखो हसला. चंपा हसली नाही.

"आणि ज्याचं भरतीच्या यादीत नावच नाही, त्याला घेतात का अशा कामाला?"

मी पायाने धोंडूचा पाय दाबला. पण त्याची गाडी उताराला लागली होती.

"यादीत नाव कशाला लावतील वहिनी? त्याला तर मुद्दाम नापास दाखवतात! घरच्यांना पण तेच सांगायचं. नाहीतर उपयोग काय?"

मग त्याला माझा पाय जाणवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या सम्यकच्या फोटोकडे पाहिलं, आणि चहा एका घोटात संपवला. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाला, "नाना, माझ्या तोंडाक आग लागो. मी आपलं बोलून गेलो. तसं काय नसतं रे."

"मला माहीत आहे."

"वहिनींना सांग."

मी सांगणारच होतो. आत आलो तर चंपा भाकऱ्या थापत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. संध्याकाळी ती माझ्याबरोबर बसून पोटभर जेवली. सम्यक गेल्यापासून ती जेवायची ते डॉक्टरसाठी.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिने विचारलं. "म्हणून तुम्ही कधी रडला नाहीत."

खरं सांगायचं तर भाकरी पुढे करणारा तिचा हात मला थांबवायचा नव्हता.

"अंदाज होता," मी म्हणालो.

४

पुढच्या आठवड्यात भिंतीवरचा सम्यकचा फोटो दिसेनासा झाला. बाबासाहेबांची तसबीर होती, बुद्धाची होती, मध्ये खिळा होता.

"तांदळाच्या डब्यात ठेवलाय," चंपा म्हणाली. "तळाशी. कोणी घरात आलं तर?"

मग ती नायगावला जाऊन आली. मला वाटलं मासे आणायला गेली. आणले नव्हते. दोन दिवसांनी मी तिकडे गेलो, तेव्हा इस्त्रीवाल्याने मला पाहून मान दुसरीकडे वळवली. जवळ गेलो तर कुजबुजला, "वहिनींनी सांगितलंय, पत्ता विसरून जा. विसरलो मी. काही टेन्शन घेऊ नका."

या घराच्या दाराला मालकाने कॅमेरा बसवलेला आहे. बेल वाजली की आतल्या छोट्या पडद्यावर बाहेरचा माणूस दिसतो, बटण दाबून त्याच्याशी बोलता येतं. चंपा पहिल्यांदा त्याला घाबरायची. आता सिलिंडरवाला आला, शेजारच्या मीनाक्षीबाई आल्या, तरी ती आधी पडद्यासमोर उभी राहून नीट निरखायची. मीनाक्षीबाईंनी एकदा विचारलं, मुलंबाळं किती? चंपा शांतपणे म्हणाली, "एकच. मुलगी."

अनुजा आली तेव्हा तिला आधी रिकामा खिळा दिसला.

"पप्पा, दादाचा फोटो?"

मी काही बोलायच्या आत चंपा म्हणाली, "हळू बोल. नाव घेऊ नकोस."

पुढे काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. अनुजाने डब्यातून फोटो काढला, तो तांदळाच्या पिठीने पांढरा झाला होता. ती ओढणीने पुसत बसली.

"आई, तो हरवलाय. कामावर नाहीये. मी लहान असताना मला कडेवर घेऊन पोलिसांची परेड बघायला नेणारा माझा भाऊ हरवलाय, आणि तू लोकांना सांगतेस तो नव्हताच?"

"तू हाक मारशील रस्त्यात," चंपा म्हणाली. "तुझाच भरवसा नाही मला."

"पप्पा, तुम्ही तरी बोला काहीतरी!"

मी बोललो. "चहा ठेवू का?" असं बोललो. अनुजा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत राहिली, ती नजर मला मान्य आहे. जाताना लिफ्टपाशी ती रडली. म्हणाली, "ती मालिका बंद करा. तिच्या डोक्यातून तो जाईल अशाने. खराखुरा होता तोच जाईल."

मी कबूल केलं. शेवटचे भाग राहिले होते. म्हटलं, तेवढे संपू देत.

मालिका बंद करायचं माझंही धाडस होत नव्हतं, हे अनुजाला सांगितलं नाही. आदल्याच भागात तो हिरोच्या मागच्या टेबलाशी आला होता. त्याचा डावा कान आणि मानेवरचे केस दिसत होते. अजून थोडं, की तो वळला असता.

५

त्या दुपारी जेवणं झाली होती. चंपाने कोथिंबीर निवडायला घेतली होती. शेवटच्या आधीचा भाग. तीच खानावळ होती. हिरो होता, म्होरक्या होता, मागच्या टेबलावर वाडगं होतं आणि त्यातून वाफ येत होती. खुर्ची रिकामी.

पहिल्यांदाच तो कुठे नव्हता. मी पडदाभर शोधला. चंपाही शोधत होती, हे तिच्या मानेवरून कळत होतं. खुर्ची टेबलापासून मागे सरकवलेली होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

बेल वाजली.

मी उठेपर्यंत चंपा दारापाशी पोचली होती. छोट्या पडद्यावर काळंपांढरं चित्र आलं. माणूस कॅमेऱ्याच्या फार जवळ उभा होता, आणि लिफ्टच्या दिशेला बघत होता. एक खांदा. एक कान. कानामागे वाढलेले केस.

चंपाने बटण दाबलं. "कोण पाहिजे?"

बाहेरून काहीतरी आलं. ते यंत्र चांगलं नाही, माणसाचा आवाजही त्यातून पत्र्यावर पडल्यासारखा येतो. मला शब्द कळला नाही. एवढंच कळलं, की तो एकच शब्द होता आणि छोटा होता.

"नाही," चंपा म्हणाली. "तुम्ही चुकीच्या घरी आलात. इथे असं कोणी राहत नाही."

पुन्हा तो शब्द.

"आम्हाला मुलगा नाही हो. एक मुलगी आहे, ती परळला असते. तुम्ही खाली वॉचमनला विचारा."

इतक्या सफाईने 'नाही' म्हणणारा माणूस मी कचेरीतही पाहिला नव्हता, आणि कचेरी त्यासाठीच होती. आवाजात राग नाही, ओलावा नाही. पडद्यावरच्या माणसाने मान खाली घातली. मग तो वळू लागला. आधी गालाची कड आली, मग... त्या यंत्राला थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायची सवय आहे. पडदा काळा झाला.

मी कडीला हात घातला. चंपा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"उघडू नका."

"चंपा, बाजूला हो. कुरिअरवाला असेल."

"असू दे ना मग. कुरिअरवाला असेल तर जाईल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर मागावर कोणीतरी असेल त्याच्या. तुम्हाला कळत कसं नाही?"

तिला बाजूला सारणं अवघड नव्हतं, तिचं वजन ते काय. मी सारलं नाही. दार उघडलं आणि बाहेर सिलिंडरवाला निघाला, तर तिचं जेवण पुन्हा तुटणार. दार उघडलं आणि बाहेर सम्यक निघाला तर? या 'तर'च्या पुढे माझं डोकं चालेना. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याच्या चेहऱ्याची मला भीती वाटत होती. काळ्या पडद्यात आम्हा दोघांची डोकी तेवढी दिसत होती.

शेवटी मीच तिला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं आणि दार उघडलं.

दारासमोर कोणी नव्हतं. आमच्या मजल्याचा पॅसेज इमारतीच्या पोटात आहे, दिवसाही काळोखा. छतातले दिवे माणूस खालून गेला की आपोआप लागतात आणि तो पुढे गेला की काही क्षणांनी विझतात. लिफ्ट बंद होती. आमच्या दारापासून जिन्यापर्यंत सगळे दिवे लागलेले होते. मी बघत असतानाच एकेक विझायला लागले, आमच्या बाजूने, ओळीने, जिन्याकडे.

जिन्यापाशी, शेवटच्या दिव्याखाली, वळणाऱ्या माणसाची पाठ होती. नाहीतर भिंतीची सावली होती. मला सांगता येत नाही. मी हाक मारायला श्वास घेतला.

चंपाचा तळहात माझ्या तोंडावर येऊन बसला. कोथिंबिरीचा वास, आणि तिच्यात एवढी ताकद असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. नाव माझ्या दातांपर्यंत आलेलं होतं. ते तिथेच राहिलं. जिन्यापाशी चप्पल थांबल्यासारखा आवाज झाला, थांबून राहिला, आणि मग खाली उतरत गेला. शेवटचा दिवा विझला.

तिने हात काढला.

"बरोबर बोलले ना मी?"

"हो."

"आवाज हलला नाही ना माझा?"

"नाही."

"कोणालाही खरंच वाटलं असेल ना?"

"वाटलं असेल."

तिने समाधानाने मान हलवली. पदराने हात पुसले. एकेक बोट पुसता पुसता ती थांबली.

"अहो, पण त्याला कळलं असेल ना? मी मुद्दाम बोलले ते?"

आत टीव्हीवर ती माणसं जेवत होती, त्यांचे भुरके ऐकू येत होते.

"कळलं असेल," ती स्वतःच म्हणाली. "हुशार आहे तो."

आणि तिथेच, उघड्या दारात, जिन्याकडे तोंड करून खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो, तसा आमच्या डोक्यावरचा दिवा पुन्हा लागला. दोघंही हललो नाही, म्हणून थोड्या वेळाने तोही विझला.